तुटकी अक्षरं वाचताना

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेलं, ‘ब’ वर्गातलं. तिथली ग्रंथसूची पुष्कळ वर्षांपूर्वी पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून वेबवर आणलेली होती. ज्या विंडोज सर्व्हरवर ती चालायची तो बंद होणार होता. सगळा संसार नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे आलं. ग्रंथपालकाका फोनवर एवढंच म्हणाले, “ताई, पानं कशीही दिसू देत. पुस्तकांची आणि लेखकांची नावं तेवढी शाबूत राहू देत.” पुढचं सगळं काम त्या नावांभोवतीच फिरलं.

नावांपर्यंत पोचायच्या आधी नेहमीचे अडथळे पार करावे लागले. ते सांगते, कारण वेबचं काम शिकणारी मुलं बहुतेक वेळा तिथेच अडकतात. पहिला होता १०४५ क्रमांकाचा एरर: प्रवेश नाकारला. हा एरर आला की लोक पासवर्ड बदलायला धावतात. पण त्या ओळीच्या शेवटी कंसात आणखी एक गोष्ट लिहिलेली असते: पासवर्ड वापरला, हो की नाही. माझ्या पडद्यावर ‘नाही’ होतं. म्हणजे पासवर्ड चुकीचा नव्हता, तो पाठवलाच गेला नव्हता. डॉट ईएनव्ही नावाच्या ज्या फाइलमध्ये तो असतो, ती गुप्त म्हणून गिटमध्ये ठेवत नाहीत. त्यामुळे कोडबरोबर ती नव्या सर्व्हरवर येत नाही, तिथे हाताने तयार करावी लागते. कंसातला ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याचा अर्धा दिवस वाचतो.

फाइल तयार केल्यावर २००२ आला: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. हा संदेश वाचणाऱ्याला हमखास भलत्या वाटेला नेतो. लोक पीएचपीच्या फाइली तपासत बसतात. इथली हरवलेली फाइल म्हणजे मायएसक्यूएलचं सॉकेट. लिनक्सवर होस्टचं नाव ‘लोकलहोस्ट’ दिलं की प्रोग्रॅम नेटवर्कने न जाता सॉकेटच्या फाइलमधून आत शिरायला बघतो, आणि त्या फाइलचा पत्ता दोन ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला असला की दार सापडत नाही. १२७.०.०.१ लिहिलं तर तो टीसीपीने जातो. दोन्हींचा अर्थ ‘हेच यंत्र’ असला तरी वाटा वेगळ्या आहेत. मी सॉकेटचा पत्ता दुरुस्त केला. मग ११४६ आला, टेबल अस्तित्वात नाही. टेबल तर समोर दिसत होतं. विंडोजवरच्या मायएसक्यूएलला टेबलाच्या नावातलं मोठं आणि लहान रोमन अक्षर सारखंच. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं. क्वेरींमधली नावं एकसारखी केली आणि पान उघडलं.

पान उघडलं, पण मराठी नव्हती.

सूचीत तीन प्रकारची मोडतोड दिसत होती. बहुतेक पुस्तकांच्या जागी विचित्र रोमन चिन्हांच्या लांबच लांब माळा होत्या. काही नोंदींमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. आणि जुन्या सर्व्हरवर मी तेच पान उघडून पाहिलं तेव्हा तिथे मराठी नीट दिसत होती, पण काही लेखकांची नावं मध्येच तुटून शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आलेलं होतं. काकांना मी तिन्हींची चित्रं पाठवली. ते घाबरले. “म्हणजे सगळं गेलं का हो?” मी त्यांना सांगितलं की सगळं गेलेलं नाही, आणि किती गेलंय हे या चिन्हांवरूनच कळेल.

हे समजायला बाइटांची ओळख लागते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला, हलन्ताला स्वतंत्र क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत त्यातला प्रत्येक तीन बाइट घेतो. ‘म’चे तीन बाइट सोळा-आधारी (हेक्स) पद्धतीत लिहिले तर ई०, ए४, एई. आता हेच तीन बाइट कुणी लॅटिन-१ समजून वाचले, तर प्रत्येक बाइटचं एक वेगळं चिन्ह होतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं छोटं गोल चिन्ह, मग गोलातला आर. देवनागरीचा सगळा पट्टा ई० ए४ किंवा ई० ए५ यांनीच सुरू होतो, आणि लॅटिन-१ मध्ये ए५ म्हणजे जपानी येनचं चिन्ह. म्हणून बिघडलेल्या मजकुरात तिरक्या रेघेचा ए आणि येन पुन्हा पुन्हा दिसले, की समजावं, इथे देवनागरी आहे आणि बाइट बहुधा जिवंत आहेत. दीर्घ ईकार, उकार, मात्रा, हलन्त हे ए५ च्या घरातले. व्यंजनं, काना, पहिली वेलांटी, अनुस्वार ए४ च्या. या कामात माझी नजर इतकी बसली की येनच्या जागांवरून कुठे जोडाक्षर असावं याचा अंदाज येऊ लागला.

मग जुन्या सर्व्हरवर मराठी नीट का दिसत होती? कारण तिथे एक चूक दुसरीला झाकत होती. मायएसक्यूएल स्वीडनमधल्या कंपनीने बनवलं. त्याची मूळ अक्षरव्यवस्था वर्षानुवर्षं लॅटिन-१ होती आणि वर्णक्रम स्वीडिश भाषेचा. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत ती मूळ निवड बदलली. त्याआधी ज्याने काही न सांगता टेबल बनवलं, त्याला लॅटिन-१ मिळालं. आपल्या वाचनालयाची टेबलं तशीच होती. जुनं पीएचपी डेटाबेसशी बोलतानाही लॅटिन-१ चीच घोषणा करायचं. दोन्हीकडे एकच घोषणा असल्याने डेटाबेस काहीही न बदलता बाइट आत घ्यायचा आणि तसेच बाहेर द्यायचा. ब्राउझर ते यूटीएफ-८ म्हणून दाखवायचा. वाचकाला ‘बनगरवाडी’ दिसायची, डेटाबेसच्या लेखी मात्र ती परदेशी चिन्हांची रांग होती. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

नव्या सर्व्हरवर पीएचपी ८ होतं. जुनी मायएसक्यूएल फंक्शनं २०१५ च्या शेवटी आलेल्या पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली, म्हणून जोडणीचं कोड मला पीडीओ वापरून नव्याने लिहावं लागलं आणि त्यात यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) ची घोषणा केली. घोषणा बरोबर होती, टेबलं अजून लॅटिन-१. आता डेटाबेस प्रामाणिकपणे लॅटिनचं यूटीएफमध्ये रूपांतर करू लागला आणि प्रत्येक बाइटचं एकेक चिन्ह झालं.

इथे बहुतेक जण एक आज्ञा देतात: सगळं टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये रूपांतरित कर. ती देऊ नये असं मी कळकळीने सांगेन. त्या आज्ञेने डेटाबेस आपल्या समजुतीप्रमाणे वागतो, म्हणजे येनची चिन्हं खरी मानून ती यूटीएफ-८ मध्ये पक्की करतो. ‘म’चे तीन बाइट सहा होतात. वाचनालयाच्या सभासदांच्या टेबलावर आधी कुणीतरी हा प्रयोग करून ठेवला होता. हे मला कळलं ते हेक्स या फंक्शनमुळे. एखाद्या स्तंभातला मजकूर पडद्यावर कसा दिसतो यावर विश्वास ठेवायचा नाही, तो हेक्समध्ये पाहायचा. ई०ए४एई आलं तर बाइट मूळचे आहेत. सी३ए० सी२ए४ सी२एई आलं तर दुहेरी वेष्टन झालं आहे. ३एफ ३एफ ३एफ आलं तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत आणि त्यांच्या मागे काही उरलेलं नाही.

पुस्तकांच्या टेबलात मूळचे बाइट होते. त्यांना वाचवण्याची रीत मायएसक्यूएलच्या पुस्तिकेतच दिलेली आहे: स्तंभ आधी बायनरी करायचा, मग थेट यूटीएफ८एमबी४. बायनरी केल्यावर डेटाबेस त्या बाइटांना कुठलीच भाषा मानत नाही, म्हणून रूपांतराचा प्रश्न येत नाही. पुढच्या पायरीला त्यांच्यावर खरी ओळख लावली जाते. सभासदांच्या टेबलाला एक पायरी आणखी लागली, आधी उलट लॅटिन-१ मध्ये आणून एक वेष्टन काढायचं. हे सगळं मी प्रतीवर केलं. मूळ डंप, म्हणजे डेटाबेसची काढून घेतलेली नक्कल, वेगळ्या डिस्कवर, फक्त वाचता येईल असा ठेवला होता.

सभासदांची नावं दुरुस्त करायला मी आधी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून पाहत होते. तो ‘कृष्णा’वर थांबला. कारण शोधलं तेव्हा जी गोष्ट सापडली, ती मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असं मला वाटतं. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं ते प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे. त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे. ऱ्हस्व उकाराचा ८१. ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. मायएसक्यूएल ती रिकामी घरं स्वतःशीच जोडून घेतं, म्हणून त्याच्या आत काही हरवत नाही. पायथॉन मात्र तिथे हटून थांबतो, आणि त्याला ‘चूक दिसली तर सोडून दे’ असं सांगितलं तर तो सोडून देतो. मग ‘तुकाराम’मधला उकार जातो, ‘ज्ञानेश्वरी’तले दोन्ही हलन्त जातात, आनंद यादवांच्या ‘झोंबी’चं आणि विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’चं पहिलंच अक्षर जातं. चूक सोडून देण्याचा पर्याय भाषेच्या बाबतीत कधी निवडू नये. मी तो प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि रूपांतर डेटाबेसच्या आतच केलं.

पुस्तकांची शीर्षकं सुखरूप आली. लेखकांच्या स्तंभावर आज्ञा अडली: १३६६, चुकीचं अक्षरमूल्य. नवी मायएसक्यूएल कडक शिस्तीत चालते, अर्धवट अक्षर स्वीकारत नाही. संदेशात ओळीचा क्रमांक होता. त्या ओळीवर लक्ष्मणशास्त्री जोशी होते, म्हणजे ‘लक्ष्मणशास्त्री ज’ आणि पुढे एक एकटा बाइट, ई०. काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हाचं मूळ हे. लेखकाचा स्तंभ पन्नास अक्षरांचा होता. लॅटिन-१ मध्ये पन्नास अक्षरं म्हणजे पन्नास बाइट. ‘लक्ष्मणशास्त्री’ आपल्या डोळ्यांना पाचच अक्षरं दिसतात. संगणकाच्या हिशेबात ते पंधरा वर्ण, पंचेचाळीस बाइट. जागा सोडली की सेहेचाळीस, ‘ज’ घेतला की एकोणपन्नास, आणि ओकाराचा पहिला बाइट आत येताच दार बंद. जुनी मायएसक्यूएल ढिली होती, तिने जादा भाग न बोलता कापून टाकला. मराठी विश्वकोशाच्या पहिल्या प्रमुख संपादकांचं आडनाव वाचनालयाच्या सूचीत वर्षानुवर्षं अर्धं होतं.

ज्या नोंदींची लांबी बरोबर पन्नास बाइट भरत होती त्यांची यादी मी काढली. जोडाक्षरांची, लांब, संस्कृत वळणाची नावं आणि ‘संपादक’, ‘अनुवादक’ असे शब्द पुढे लावलेली नावं हीच त्यात भरलेली होती. प्रश्नचिन्हांच्या नोंदींची दुसरी यादी केली. त्यांची गोष्ट निराळी होती. मध्ये केव्हातरी मोबाइलवरून नोंद करण्यासाठी नवा फॉर्म बसवला होता; तो यूटीएफ-८ ची घोषणा करून लॅटिन-१ च्या टेबलात लिहीत होता. लॅटिन-१ मध्ये ‘म’ नाहीच. डेटाबेसने प्रत्येक वर्णाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिलं आणि इशारा दिला, पण तो इशारा फॉर्मने कुणाला दाखवला नाही. तो फॉर्म लवकरच बंद पडला म्हणून नुकसान थोडं.

या नोंदींना तंत्राने परत आणता येत नाही. तिथे काका कामी आले. वाचनालयाची दाखल नोंदवही त्यांनी पहिल्या पुस्तकापासून जपलेली आहे. दाखल क्रमांक इंग्रजी अंकांत असल्याने डेटाबेसमध्ये शाबूत होते. मी क्रमांक सांगायचे, ते वहीतून नाव वाचायचे, मी टंकायचे. पडताळ्याला प्रश्नचिन्हंही उपयोगी पडली, कारण एका वर्णाला एक चिन्ह या हिशेबात लांबी टिकून होती आणि शब्दांमधली मोकळी जागाही. काकांनी ‘स्मृतिचित्रे’ म्हटलं की मी बारा चिन्हं मोजायचे. आकडा जुळला नाही तर ते वहीतली ओळ पुन्हा पाहायचे. एकदा ते म्हणाले, “हे पुस्तक आता कुणी नेत नाही ताई, पण नाव नीट लिहा.” त्या वाक्याने मला या कामाचं वजन कळलं. वाचनालयातलं पुस्तक सूचीत नावाने सापडलं नाही, तर ते कपाटात असून नसल्यासारखं.

उरलेलं चटकन सांगते. शीर्षकाच्या स्तंभावर इंडेक्स बनवताना १०७१ आला, किल्ली फार लांब, कमाल ७६७ बाइट. यूटीएफ८एमबी४ मध्ये एका वर्णाला चार बाइट धरतात, म्हणून २५५ वर्णांचे १०२० होतात. जुन्या डंपमध्ये टेबलाची मांडणी ‘कॉम्पॅक्ट’ लिहिलेली होती. ती ‘डायनॅमिक’ केली की मर्यादा ३०७२ वर जाते. नवी आणि जुनी टेबलं जोडताना १२६७ आला, वर्णक्रमांची सरमिसळ. सगळ्या टेबलांना एकच वर्णक्रम दिला.

देवनागरी तीन बाइटांत बसते, मग चार बाइटांची व्यवस्था कशाला, असं एका तरुण सहकाऱ्याने विचारलं. मायएसक्यूएलमधलं नुसतं ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपाशी थांबतं. चार बाइटांचं रूप २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत आलं. लोक ते इमोजीसाठी घेतात. माझं कारण वेगळं होतं. या वाचनालयाच्या कपाटात मोडीतले कागद आहेत. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिचा पट्टा ११६०० पासून सुरू होतो, म्हणजे तिचा प्रत्येक वर्ण चार बाइटांचा. उद्या कुणी त्या कागदांची सूची मोडीतच करायला बसलं, तर तीन बाइटांची व्यवस्था पहिल्याच अक्षराला नकार देईल.

आता सूची नव्या सर्व्हरवर चालते. लेखकाचा स्तंभ दोनशे वर्णांचा आहे आणि लक्ष्मणशास्त्री जोशी पूर्ण नावाने सापडतात.

ज्या वाचनालयांची, शाळांची, पतसंस्थांची मराठी माहिती जुन्या मायएसक्यूएलमध्ये पडून आहे, त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. सर्व्हर हलवण्याआधी प्रत्येक टेबलातल्या चार-दोन नोंदी हेक्समध्ये उघडून पाहा. जुना सर्व्हर बंद होण्याआधी पाहा, नंतर नाही. मूळ डंप कुणाच्याही हाताला लागणार नाही असा ठेवा, कारण चुकीची दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा जास्त अक्षरं खाते. आणि सगळं संगणकावर आलं म्हणून दाखल नोंदवही रद्दीत घालू नका.